धुतलेली विहीर

तुमचं भांडण तुमच्याच घरातल्या माणसानं कॉलेजात जाऊन शिकून घेतलं, आणि मग लोक तुम्हाला ओलांडून त्या माणसाकडे सल्ला मागायला जाऊ लागले, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. टाळ्या वाजवाल? वाजवणार असाल तर तुम्ही थोर आहात, तुम्हाला लांबूनच नमस्कार. मी थोर नाही. मी जळते.

जिच्यावर जळते ती माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. एकाच घरात राहतो आम्ही. ती खाली, मी वरच्या खोलीत. एकाच चुलीवरचं जेवतो, म्हणजे जळायला लांब जावं लागत नाही.

आधी जागा समजून घ्या. आमच्या वस्तीच्या मागे दगडाची जुनी खाण आहे. दगड संपले तसं शहरानं तिथे कचरा ओतायला सुरुवात केली. खाण उंचावर, आमच्या गल्ल्या उतारावर, आणि गल्ल्यांच्या मधोमध आमची विहीर. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. बाकी सगळा संसार विहिरीवर. खाण भरत गेली तसं विहिरीचं पाणी बिघडत गेलं. आधी चव गेली, मग वास आला, मग धुतलेल्या कपड्यांवर पिवळट डाग दिसायला लागले.

हे पहिल्यांदा कोणी ओरडून सांगितलं? मी. मला कोणी शिकवलं नव्हतं. कायद्याची कलमं मी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टच्या बाकड्यावर बसून पाठ केली. कचऱ्याच्या गाड्यांसमोर आडवी झाले. साहेबांच्या दारात चटई टाकून बसले, साहेब मागच्या दारानं पळाले. लोक मला वाघीण म्हणायचे. तोंडावर तरी म्हणायचे.

आणि ही कुठे होती? झेरॉक्सच्या दुकानात.

कॉलेजच्या फाटकासमोर दादाचं दुकान आहे. दादा बाहेरची कामं बघायचा, मशीनवर वहिनी. मशीन पानं ओढत असताना दुसरी कोणी असती तर रस्त्यावरची गर्दी बघत बसली असती. ही पानं वाचायची. पोरंपोरी नोट्सचे गठ्ठे आणून टाकायची आणि "काकू, लवकर हं" म्हणून चहाला पळायची. काकू सावकाश. पान काचेवर ठेवायच्या आधी वाचणार, काढताना पुन्हा वाचणार. पर्यावरणीय भूविज्ञान नावाचा एक विषय असतो हे मला त्या दुकानातच कळलं. जमीन, खडक, माती, जमिनीखालचं पाणी, आणि माणूस त्या सगळ्याचं कसं वाटोळं करतो, याचा अभ्यास.

"यात शिकायचं काय?" मी म्हटलं. "आमच्या गल्लीत पाठवा त्यांना, फुकटात दाखवते."

माझी पत्रकंही तिथेच निघायची. एकदा मी मोर्चाच्या घाईत होते, आणि ही पत्रक हातात धरून उभी.

"वन्सं, इथे 'पाण्यात विष आहे' असं लिहिलंय. कोणतं?"

"कोणतं म्हणजे? विष ते विष."

"कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

"विचारणाऱ्याला म्हणावं, एक ग्लास पिऊन दाखव. काढा आता, मोर्चा निघेल!"

तिनं काढून दिली. पण चेहऱ्यावर ते 'कोणतं' तसंच चिकटलेलं. मोर्चात घोषणा देतानाही माझ्या कानात तेच वाजत होतं, आणि मला तिचा भयंकर राग आला होता.

पुढच्या वर्षी तिनं त्या कॉलेजात नाव घातलं. लग्नाआधी बारावी विज्ञान झालेली होती, ते प्रमाणपत्र कपाटातल्या साड्यांखालून निघालं. दादा म्हणाला, "अगं, पोरगा कॉलेज संपवून नोकरीला लागला, आता तू सुरू करतेस?" ती म्हणाली, "त्याचं संपेपर्यंत थांबले होते." झालं. दादा हसला आणि मशीनवर स्वतः उभा राहायला लागला. माझ्यासाठी कोणी मशीनवर उभं राहिलं नव्हतं कधी. असो.

पहिल्या दिवशी फाटकावरच्या वॉचमननं तिला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं." तो तिला रोज समोरच्या दुकानात बघायचा, तरी अडवलं. ही म्हणाली, "मीच माझी पालक." ही गोष्ट दादानं गल्लीभर सांगितली. मी मोठमोठ्या साहेबांना तोंडावर काय काय सुनावलंय, त्यातलं एक वाक्य कोणाला आठवत नाही. हे मात्र सगळ्यांना पाठ.

मग घरात दगड यायला लागले. खिडकीत दगड, फ्रिजवर दगड. लिंबाच्या रसाचा थेंब टाकून बघायची की कोणता फसफसतो. पीठ चाळायची चाळणी वाळू चाळायला गेली आणि पोळ्यांत कचकच लागली तेव्हा दादानं नवी चाळणी आणली, तिच्यावर लाल दोरा बांधला आणि जाहीर केलं, "लाल दोरा म्हणजे खायचं. बाकी सगळं विज्ञान." वर्गातल्या पोरी घरी अभ्यासाला यायच्या. काकू, हे समजावा ना. काकू, ते समजावा ना. त्या दारात बसलेल्या मला ओलांडून आत-बाहेर करायच्या. "ह्या काकूंच्या नणंदबाई," अशी माझी ओळख. वाघिणीची!

पोटात खरं दुखलं ते टाकीच्या दिवशी.

तिनं कुठून तरी माशांची जुनी काचेची टाकी आणली. तिच्यात तळाला चिकणमाती, वर खडी, वर वाळू, असे थर रचले. एका बाजूनं थोडा उतार. मधोमध एक प्यायची नळी खोचली, ती आमची विहीर. उंच बाजूला वाळूत खड्डा केला, त्यात स्पंजाचा तुकडा, त्यावर निळी शाई. तो कचरा. मग वरून झारीनं हळूहळू पाणी सोडलं. ओट्यावर आणि दारात मिळून निम्मी गल्ली जमली होती. शाई वाळूतून सरकायला लागली. निळा पट्टा उताराकडे, उताराकडे, आणि मग नळीत.

"अगं बाई," आमच्या टेलरबाई पुटपुटल्या, "आपण हेच पितोय होय?"

मी हेच सांगत होते! घसा बसेपर्यंत हेच सांगत होते! तेव्हा ह्याच टेलरबाई मला म्हणायच्या, "तुमचं आपलं काहीतरी असतं, ताई." आता त्या डोळे पुसत होत्या, एका शाईच्या बाटलीपायी. मी वर जाऊन दार आपटलं. ते कोणाला ऐकू गेलं नाही, कारण खाली टाळ्या वाजत होत्या.

त्याच सुमाराला बातमी आली की शहराला खाण वाढवायची आहे. शेजारचं माळरानही कचऱ्याला हवं. परवानगी द्यायची की नाही ते ठरवायला जाहीर सुनावणी होणार. परवानगी मिळाली की आमची विहीर कायमची गेली, हे सांगायला भूविज्ञान लागत नाही. मी तयारीला लागले. आणि वहिनीनं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आमचीच विहीर घेतली. तिचे सर म्हणाले होते, दूरचा एखादा तलाव घ्या, सोपं जाईल. ही म्हणाली, विहीरच.

गल्लीत बातमी पसरली: सुनावणीत या वेळी आपल्याकडे आकडे असणार. वहिनींचे आकडे. आमच्या वस्तीच्या समितीच्या बैठकीत गल्लीतला सायकलवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई बोलतीलच, पण आकडे वहिनींनीच सांगावेत, काय?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मान हलवायला किती जोर लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा दिवस ठरला. सकाळी तिचे सर आले, वर्गातली चार टाळकी आली. बर्फाची पेटी, बाटल्या, पाण्यात बुडवून तपासायचं एक मीटर. वहिनी पुढे, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. मी कडेला उभी, हात बांधून.

विहिरीजवळ पोहोचलो आणि बघतच राहिले. कठडा घासून पांढरा केलेला. दोर नवा. कट्ट्यावर एक पान नाही. आमच्या बायका नटूनथटून रांगेत उभ्या, टेलरबाई सगळ्यांत पुढे, चेहऱ्यावर परीक्षेत पहिला नंबर आल्याचा आनंद. आणि नाकात तो वास. ब्लीचिंग पावडर. माझ्या नाकाला कोणी फसवू शकत नाही. मी तोंड उघडलं. म्हटलं, चला, कॉलेजच्या आधी आपल्याला कळलं.

"थांबा," वहिनी म्हणाली. "ह्यात पावडर टाकलीय का कोणी?"

तेवढंसुद्धा तिनं मला करू दिलं नाही.

"टाकली ना!" टेलरबाई खुशीत. "काल दुपारी, तुम्ही दोघी घरी नव्हतात तेव्हा, सगळ्याजणींनी मिळून. जाळ्यानं प्लास्टिक काढलं, आतून ब्रश फिरवला, आणि पावडर तर अशी हात सैल सोडून टाकलीय! म्हटलं आपल्या वहिनींचे सर यायचेत, आपल्याला कोणी घाणेरडे म्हणायला नको."

सर कपाळाला हात लावून कठड्यावर टेकले. वर्गातला एक जण हसला, वहिनीनं त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला.

मग तिनं बायकांना समजावून सांगितलं, मलाही त्यांच्यातच धरून. कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात दोन गोष्टी हमखास सापडतात. एक क्लोराइड, म्हणजे मिठातला अंश. दुसरा अमोनिया. ब्लीचिंग पावडर क्लोराइड वाढवते आणि अमोनिया खाऊन टाकते. "म्हणजे आता ह्या बाटलीत कचरा दिसणार नाही. आपला हात दिसेल."

टेलरबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे आम्ही वाट लावली?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "मी आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

सर हळू आवाजात म्हणाले, "पाणी पुन्हा मूळपदावर यायला वेळ लागेल. प्रकल्प द्यायची मुदत त्याआधी संपते. तुम्हाला हे सत्र पुन्हा करावं लागेल. अजूनही तलाव घेता येईल."

"विहीरच, सर," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"क्लोराइड वाढतं म्हणालात ना?"

"हो."

"मग आकडा मोठा येणार! भरा की बाटली! सुनावणीत मोठा आकडाच लागतो."

"तो आकडा आपल्या पावडरीचा असेल, वन्सं."

"कोणाला कळणार आहे?"

"त्यांच्या माणसाला. क्लोराइड इतकं आणि अमोनिया शून्य, हे बघितल्याबरोबर तो ओळखेल. मग आपण पुढे काहीही खरं बोललो तरी कोणी ऐकणार नाही."

"तुम्हाला डिग्रीची पडलीय!"

हे मी बोलून गेले. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"डिग्रीची पडली असती तर तलाव घेतला असता," ती म्हणाली. "आणि वन्सं, हातात लाल दोऱ्याची चाळणी घेतलीय ती ठेवा खाली. फेकून मारणार असाल तर ती दुसरी घ्या."

दादा दारात उभा राहून हसला. मला हसू आलं म्हणून मला आणखीनच राग आला.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर तीन अधिकारी, मधे अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. एका बाजूला खाणीच्या ठेकेदाराचा तज्ज्ञ, टायवाला, रंगीत तक्ते घेऊन. मी आधी बोलले. जसं बोलते तसं बोलले. डाग पडलेलं कापड फडकावलं, मुठी आपटल्या, आमच्या लोकांनी घोषणा दिल्या. अध्यक्षबाई मान हलवत होत्या. पेन टेबलावर आडवं पडलेलं होतं. मी बसेपर्यंत त्यांनी ते उचललं नाही.

मग टायवाला उठला. त्यांनी पाणी तपासलंय, सगळं ठीक आहे, तक्ते हे असे. आमच्या लोकांनी आरडाओरडा केला.

मग वहिनी उठली. आमच्या सगळ्या रांगा सरसावून बसल्या. आता आकडे.

"माझ्याकडे आकडा नाही," ती म्हणाली.

टायवाला हसला. पाठीमागून कोणीतरी "मग कशाला आलात?" म्हणालं. मला वाटलं, खुर्चीखाली शिरावं. इतकी वर्षं मी चालवलेलं भांडण हिनं एका वाक्यात पाण्यात घातलं. आणि खोटं कशाला बोलू, मनात एक कोपरा सुखावलासुद्धा. बघा म्हणावं, कॉलेज!

"का नाही ते सांगते," ती पुढे म्हणाली. "आम्ही नमुना घ्यायला गेलो त्याच्या आदल्या दिवशी आमच्या बायकांनी विहीर धुतली. पावडर टाकली. नमुना वाया गेला. तुम्हाला हसू येईल. पण आजवर आमच्याकडे जो साहेब आला त्यानं पाणी बघितलं नाही, आमचा कट्टा बघितला. कट्टा घाण आहे म्हणाला, आम्हालाच शिकवून गेला. म्हणून साहेब येणार म्हटलं की आमच्या बायका घाबरतात आणि विहीर धुतात. स्वतःच्या तक्रारीचा पुरावा स्वतःच धुऊन टाकतात."

टेलरबाई मान खाली घालून बसल्या होत्या, त्यांनी ती वर केली.

हे वाक्य माझं होतं. त्या साहेबांची बोलणी मी खाल्ली होती. प्रत्येक वेळी कट्ट्यावर त्यांच्यासमोर मी उभी होते, ही मशीनवर होती. तरी हे मला कधी दिसलं नाही आणि हिला दिसलं. दात आवळून ऐकत होते मी.

अध्यक्षबाईंनी पेन उचललं.

"तुमचं म्हणणं काय?"

"पाण्याला सावरू द्या. मग तुमच्या बाटल्या, त्यांच्या बाटल्या आणि माझ्या, एकाच दिवशी, एकाच विहिरीतून. तोपर्यंत परवानगी देऊ नका."

"हे कशाला?" टायवाला म्हणाला. "आमचे नमुने आहेत की!"

"कुठून घेतलेत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खाणीच्या फाटकाजवळच्या बोअरमधून."

वहिनी त्याच्या तक्त्यापाशी गेली. त्याच्यावर जमिनीच्या उंचीच्या रेघा होत्या. तिनं बोट ठेवलं. "फाटक खाणीच्या वरच्या अंगाला आहे. बहुतेक पाणी तिथून खाणीकडे येत असणार. खाणीतून बाहेर पडलेलं बघायचं असेल तर खाली यावं लागेल. आमच्याकडे. या, चहा देईन."

लोक हसले. अध्यक्षबाईही हसल्या. आणि लिहीत राहिल्या.

परवानगी थांबली. मिळाली नाही, नाकारलीही गेली नाही, थांबली. तिन्ही बाजूंनी मिळून नमुने घेतल्यावर निर्णय. इतक्या वर्षांच्या माझ्या आरडाओरड्यानं गाड्या दिवसभरासाठी थांबायच्या. ही 'माझ्याकडे नाही' म्हणाली आणि अख्खी खाण वाढायची थांबली. बाहेर आल्यावर लोकांनी तिला घेरलं. मी लांब उभी होते. ती गर्दीतून वाट काढत आली.

"वन्सं, मघाशी तुम्ही ते कापड फडकावलंत ना? त्या डागांचा फोटो मला प्रकल्पात लागेल."

"घ्या. माझं सगळं घेतलंत, आता फडकंही घ्या."

"फडक्याखाली तुमचं नाव घालते," ती म्हणाली आणि खो खो हसली.

तिच्या वर्गातल्या पोरी पास होऊन पुढे निघून गेल्या. ती पुन्हा त्याच बाकावर बसली आहे, नव्या पोरांची नवी काकू. दादा मशीनवर. वॉचमन आता तिला सलाम ठोकतो.

आणि मी? मला काम मिळालंय. विहिरीची राखण. हो, वाघिणीला विहिरीवर बसवलंय. कारण आमच्या बायकांचा हात अजून शिवशिवतो. परवाच टेलरबाई झाडू घेऊन आल्या. "पावडर नाही हो टाकत, नुसता कठडा पुसते." मी ओरडले, "हात लावाल तर बघा!" त्या घाबरून पळाल्या. माझा आवाज अजून चालतो, एवढंच बरं वाटलं. कट्ट्यावर बसून मी वास घेते. पावडरीचा वास केव्हाच गेला आणि तो जुना, कुजका वास हळूहळू परत येतोय. आयुष्यात पहिल्यांदा त्या वासाची वाट बघतेय मी. वहिनी कॉलेजातून येताना मीटर बुडवून बघते, "अजून नाही, वन्सं," म्हणते आणि पुढे जाते. तिला त्यातलं कळतं. मला नुसता वास येतो. रोज पोटात दुखतं, आणि रोज मी तिच्या येण्याच्या वेळेला मान वळवून बघते.

तर तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या वस्तीतही अशी एखादी विहीर, नाला, तळं असेलच. कोणी बाटली घेऊन आलं, मग तो साहेब असो की कॉलेजातली काकू, तर लाजू नका, धुऊ नका, पावडरीचा डबा घरीच ठेवा. घाण आहे तशी दाखवा, ती तुमची नाही. आणि आमच्याकडे नमुना घ्यायच्या दिवशी जरूर या, गर्दी लागेल. फक्त वहिनीचं कौतुक करायचं असेल तर कृपा करा, मी तिथे नसताना करा.